विश्लेषण : कुत्र्याच्या दातांसाठी ब्रश कोणता, पेस्ट कोणती? माणसांची टूथपेस्ट का धोक्याची?

घरातल्या कुत्र्याच्या तोंडाला वास येऊ लागला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. ‘कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच’ असे म्हणून दुर्लक्ष केले जाते, नाही तर बाथरूममधली टूथपेस्ट बोटावर घेऊन त्याचे दात घासले जातात. पहिल्या मार्गाने हिरड्यांचा आजार आत आत मुरत जातो, तर दुसऱ्या मार्गाने प्रसंगी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. पेट शॉप आणि ऑनलाइन बाजारात श्वानांसाठीचे ब्रश, पेस्ट, जेल, चघळायच्या कांड्या, पाण्यात मिसळायची द्रव्ये अशी रेलचेल असताना नेमके काय घ्यावे, काय टाळावे आणि घेतलेला ब्रश वापरायचा कसा, याचा आढावा.

तोंडाला वास येणे नैसर्गिक नाही का?

जेवणानंतर थोडा वेळ अन्नाचा वास येणे नैसर्गिक आहे. मात्र सतत येणारी दुर्गंधी बहुतेक वेळा हिरड्यांच्या आजाराची खूण असते. दातांवर जिवाणूंचा चिकट, जवळजवळ न दिसणारा थर साचतो, त्याला प्लाक म्हणतात. दात स्वच्छ केल्यानंतर काही तासांतच तो पुन्हा साचू लागतो. तो काढला नाही तर लाळेतील क्षार त्यात बसतात आणि दोन-तीन दिवसांत तो कडक होऊ लागतो. हेच टार्टर किंवा बोलीभाषेतील किटण. प्लाक मऊ असतो, तो ब्रशने निघतो. किटण ब्रशने निघत नाही. दात रोज का घासायचे, या प्रश्नाचे उत्तर या दोन-तीन दिवसांच्या हिशेबात आहे. आठवड्यातून एकदा, रविवारी आंघोळीबरोबर दात घासले तर तोवर थर कडक झालेला असतो.

माणसाच्या आणि कुत्र्याच्या दातांत फरक काय?

पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला ४२ दात असतात. पटाशीचे १२, सुळे ४, उपदाढा १६ आणि दाढा १० अशी त्यांची विभागणी होते. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, ते पडून साधारण सहा-सात महिन्यांच्या वयापर्यंत कायमचे दात येतात. माणसाच्या दातांची मुख्य तक्रार कीड ही असते. कुत्र्यांत दात किडण्याचे प्रमाण बरेच कमी आहे. माणसाच्या तुलनेत कुत्र्याची लाळ अधिक अल्कधर्मी असते. त्यामुळे दात किडवणाऱ्या आम्लाला फारसा वाव मिळत नाही, पण क्षार साचून किटण मात्र लवकर धरते. त्यांच्या बऱ्याच दातांचा आकारही टोकदार असतो आणि अन्न अडकून राहील असे सपाट, खाचांचे पृष्ठभाग तुलनेने कमी असतात.

या फरकाचा थेट संबंध पेस्टच्या निवडीशी आहे. माणसाच्या पेस्टमध्ये फ्लोराइड असते ते प्रामुख्याने कीड रोखण्यासाठी. कुत्र्याचे मुख्य दुखणे हिरड्यांचे आहे. त्याला हवी असते ती प्लाक पुसून काढण्याची सोय. म्हणजे माणसांची पेस्ट वापरण्यात धोका आहेच, शिवाय तिचा मुख्य फायदाही कुत्र्याच्या फारसा कामाचा नाही.

दुर्लक्ष केले तर काय होते?

सुरुवात हिरडीच्या कडेला दिसणाऱ्या लाल रेघेने होते. ही हिरड्यांची सूज असते आणि या टप्प्यावर उपचार झाले तर ती पूर्ण बरी होऊ शकते. पुढे जिवाणू हिरडीच्या आत, दाताच्या मुळाकडे सरकतात. दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचे हाड झिजू लागते. ही झीज भरून येत नाही. दात हलू लागतात, मुळाशी पू होतो. वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी गळू झाले, की डोळ्याखाली सूज दिसते आणि घरच्यांना वाटते की डोळ्यालाच काही झाले आहे.

लहान चणीच्या जातींमध्ये हा धोका जास्त असतो. यॉर्कशायर टेरियर, पॉमेरेनियन, शिह त्झू, डॅशहंड अशा कुत्र्यांच्या छोट्या जबड्यात दातांची दाटी होते. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचे दात तर आडवे-तिरपे बसलेले असतात. अशा दाटीत प्लाक साचतो आणि ब्रशही नीट पोहोचत नाही. लहान कुत्र्यांचा खालचा जबडा मुळातच बारीक असतो. हिरड्यांच्या आजाराने त्याचे हाड पोखरले गेले तर किरकोळ उडीने किंवा धक्क्यानेही जबडा मोडल्याची उदाहरणे पशुवैद्यकांना परिचित आहेत. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्यातील बदलांशी या आजाराचा संबंध काही अभ्यासांत आढळला आहे. मात्र एकामुळेच दुसरे होते, हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

सर्वांत मोठी अडचण अशी, की कुत्रा हे दुखणे सहसा दाखवत नाही. दात दुखत असतानाही तो जेवतो. एका बाजूने चावणे, घास तोंडातून खाली पडणे, कोरडे खाद्य सोडून फक्त मऊ पदार्थ खाणे, आवडीचे खेळणे नाकारणे, तोंडाजवळ हात नेल्यास मान फिरवणे अशा बारीक खुणा दिसतात. ‘वय झाले म्हणून शांत झाला’ असे वाटणारा कुत्रा दातांवर उपचार झाल्यावर पुन्हा खेळू लागतो, तेव्हा त्याला किती काळ दुखत होते हे लक्षात येते.

माणसांची टूथपेस्ट कुत्र्याला का चालत नाही?

कारण कुत्रा चूळ भरत नाही. तोंडात गेलेली पेस्ट तो गिळतो. माणसांची पेस्ट थुंकून टाकण्यासाठी बनवलेली असते. लहान मुलांना मटारच्या दाण्याएवढीच पेस्ट द्या आणि ती गिळू देऊ नका, असे सांगितले जाते त्यामागेही हेच कारण आहे.

पेस्टवर फ्लोराइडचे प्रमाण १००० पीपीएम असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड असा होतो. पाच किलो वजनाच्या पॉमेरेनियनने नळी चावून पाच ग्रॅम पेस्ट खाल्ली, तर त्याच्या पोटात दर किलो वजनामागे एक मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. एवढ्याने उलट्या, जुलाब, लाळ गळणे असे त्रास सुरू होऊ शकतात. प्रमाण याहून बरेच जास्त असेल तर परिणाम गंभीर होतात. याशिवाय माणसांच्या पेस्टमध्ये फेस आणणारी रसायने असतात, त्यांनी पोट बिघडते. पुदिन्याची झणझणीत चव आणि तोंडभर फेस कुत्र्याला मुळीच आवडत नाही. एकदा असा अनुभव आला की नंतर ब्रश पाहताच तो पलंगाखाली जाऊन बसतो. सवय लावण्याची संधी तिथेच हातची जाते.

झायलिटॉल इतके घातक कसे?

साखरेऐवजी वापरला जाणारा झायलिटॉल हा गोड पदार्थ माणसाच्या दातांना उपयुक्त मानला जातो. म्हणून काही टूथपेस्ट, माउथवॉश आणि ‘शुगर-फ्री’ च्युइंगममध्ये तो असतो. माणसाच्या शरीरात त्याने इन्सुलिन फारसे वाढत नाही. कुत्र्याचे स्वादुपिंड मात्र त्याला साखर समजते आणि मोठ्या प्रमाणात इन्सुलिन सोडते. रक्तातील साखर झपाट्याने खाली येते. हे अवघ्या दहा मिनिटांतही घडू शकते, तर कधी लक्षणे दिसायला काही तास लागतात. उलटी, अशक्तपणा, झोकांड्या खात चालणे, थरथर, झटके आणि शेवटी बेशुद्धी असा हा क्रम असतो. प्रमाण जास्त असेल तर एक-दोन दिवसांनी यकृत निकामी होण्याचा धोका असतो.

पशुवैद्यकीय साहित्यात दर किलो वजनामागे सुमारे ०.१ ग्रॅम झायलिटॉल रक्तातील साखर घटवण्यास पुरेसे आणि ०.५ ग्रॅम यकृताला धोकादायक मानले जाते. एखाद्या पेस्टमध्ये १० टक्के झायलिटॉल आहे असे धरले, तर पाच किलोच्या कुत्र्याला पाच ग्रॅम पेस्ट, म्हणजे साधारण चमचाभर, धोक्याच्या पातळीवर नेते. ब्रशवर घेतलेल्या ठिपक्याएवढ्या पेस्टने एवढे प्रमाण गाठले जाईलच असे नाही. पण बेसिनच्या कडेवरून पडलेली नळी चावून फस्त करणारे पिल्लू ते काही मिनिटांत गाठते. म्हणूनच प्रश्न फक्त कुत्र्याचे दात कशाने घासावेत एवढाच नाही, तर घरातल्यांच्या पेस्ट कुठे ठेवाव्यात हाही आहे. वेष्टनावर झायलिटॉलऐवजी ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई ९६७’ असेही लिहिलेले असू शकते. ब्रशची सवय लावताना पीनट बटर चाटायला देण्याची युक्ती अनेक जण करतात. त्यातही झायलिटॉल नाही ना, हे आधी पाहावे लागते.

पेस्ट पोटात गेलीच तर काय करावे?

झायलिटॉल असलेला पदार्थ खाल्ल्याचा संशय असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. तातडीने पशुवैद्यकाला फोन करून निघावे. चावलेली नळी किंवा वेष्टन सोबत न्यावे, म्हणजे घटक आणि प्रमाण लगेच कळते. कुत्र्याचे वजन, किती वाजता खाल्ले आणि अंदाजे किती खाल्ले, ही माहिती उपचार ठरवते. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती प्रकार टाळावा. त्याने शरीरात मिठाची विषबाधा होऊ शकते. उलटी काढायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, कारण झोकांड्या खाणाऱ्या कुत्र्याला उलटी करवल्यास ती श्वासनलिकेत जाऊ शकते. दवाखान्यात रक्तातील साखर पुन्हा पुन्हा तपासली जाते आणि यकृतावर काही दिवस लक्ष ठेवले जाते. रात्री-अपरात्री सुरू असणारा जवळचा दवाखाना कोणता, हे आधीच माहीत असणे म्हणूनच महत्त्वाचे.

कुत्र्यांसाठीच्या पेस्टमध्ये काय असते?

पहिली अट, ती गिळली तरी चालते. तिच्यात फ्लोराइड, झायलिटॉल आणि फेस आणणारी द्रव्ये नसावीत. चूळ भरावी लागत नाही. प्लाक घासून काढण्यासाठी सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटसारखे सौम्य घर्षक असते. काही पेस्टमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज ही एन्झाइम असतात, ती लाळेतील नैसर्गिक जिवाणूरोधक यंत्रणेला बळ देतात. काहींमध्ये सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट असते. ते लाळेतील कॅल्शियम धरून ठेवते, त्यामुळे प्लाकचे किटणात रूपांतर होण्याचा वेग कमी होतो.

चव हा इथे चैनीचा भाग नाही. कुत्रा ब्रश तोंडात घेऊ देईल की नाही, हे बऱ्याचदा चवीवर ठरते. चिकन, बीफ, मासे, माल्ट, व्हॅनिला अशा चवी मिळतात. ज्या कुत्र्याला चिकनची ॲलर्जी आहे आणि ज्याचे खाणे डॉक्टरांनी बांधून दिले आहे, त्याच्यासाठी चिकनच्या चवीची पेस्ट नको. खाज का थांबत नाही, याचे उत्तर कधी कधी पेस्टच्या नळीत असते. घरात मांसाहारी पदार्थ चालत नसतील तर माल्ट किंवा व्हॅनिलाचा पर्याय आहे, मात्र घटकांची यादी वाचूनच तो घ्यावा. ‘नैसर्गिक’ किंवा ‘हर्बल’ या शब्दांवर जाऊ नये. टी ट्री ऑइल नैसर्गिक असले तरी कुत्र्यांसाठी विषारी आहे. ज्या नळीवर घटकच दिलेले नाहीत, ती न घेतलेली बरी.

पेस्ट महत्त्वाची की ब्रश?

ब्रश. प्लाक निघतो तो प्रामुख्याने घासण्याने, पेस्ट त्याला मदत करते आणि कुत्र्याला राजी करते. पेस्ट संपली म्हणून घासणे थांबवण्याचे कारण नाही. नुसत्या पाण्यात भिजवलेल्या ब्रशनेही बरेच काम होते. उलट पेस्ट चाटायला देऊन ब्रश न फिरवणे म्हणजे साबण अंगावर ठेवून आंघोळ झाली म्हणण्यासारखे आहे. बीगल जातीच्या कुत्र्यांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दात किती वेळा घासले जातात याचा परिणाम तपासण्यात आला होता. रोज किंवा एक दिवसाआड घासलेल्या कुत्र्यांचे दात-हिरड्या आठवड्यातून एकदा घासलेल्यांपेक्षा चांगल्या आढळल्या. खर्च करायचाच तर महागड्या पेस्टपेक्षा योग्य ब्रशवर आणि रोजच्या दोन मिनिटांवर करावा, असा याचा अर्थ.

कोणत्या कुत्र्याला कोणता ब्रश?

सर्वांना चालेल असा एकच ब्रश नाही. कुत्र्याच्या तोंडाचा आकार, त्याचा स्वभाव आणि घासणाऱ्याच्या हाताची सवय या तीन गोष्टींवर निवड ठरते.

बोटात घालायचा ब्रश : सिलिकॉनचा हा टोपीसारखा ब्रश सवय लावण्यासाठी चांगला. पिल्लांना आणि लाजऱ्या कुत्र्यांना बोटाचा स्पर्श ओळखीचा असतो. मात्र त्याचे जाड, रबरी दाते हिरडीच्या कडेपर्यंत नीट पोहोचत नाहीत. लहान कुत्र्याच्या तोंडात तो मोठाही होतो. चावण्याची खोड असलेल्या कुत्र्यासाठी तो नको, कारण बोट थेट दाढांमध्ये असते.

लांब दांड्याचा, दोन टोकांचा ब्रश : एका टोकाला मोठे आणि दुसऱ्या टोकाला छोटे डोके असते. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आणि मोठ्या चणीच्या देशी कुत्र्यांच्या मागच्या दाढांपर्यंत पोहोचायला लांब, किंचित वाकडा दांडा उपयोगी पडतो. मोठे डोके सुळ्यांसाठी आणि दाढांसाठी, छोटे पुढच्या दातांसाठी.

तिन्ही बाजूंनी घासणारा ब्रश : दाताच्या आतून, बाहेरून आणि वरून एकाच वेळी घासतो. जे कुत्रे जेमतेम अर्धा मिनिट उभे राहतात, त्यांच्यासाठी तो सोयीचा. मात्र त्याचा आकार दाताला नीट बसला पाहिजे. दाटीवाटीचे दात असलेल्या पगसारख्या कुत्र्याला तो बसेलच असे नाही.

लहान मुलांचा मऊ ब्रश : छोट्या डोक्याचा, ‘एक्स्ट्रा सॉफ्ट’ असा बेबी ब्रश लहान आणि मध्यम कुत्र्यांना उत्तम चालतो. तो कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या दुकानात मिळतो आणि खिशाला परवडतो. श्वानांसाठीचाच ब्रश हवा असा आग्रह नाही. पेस्ट मात्र श्वानांसाठीचीच हवी.

कापड किंवा गॉझ : बोटाला गुंडाळून दात पुसणे ही पहिली पायरी म्हणून ठीक. हिरडीच्या कडेखालचा भाग त्याने साफ होत नाही, म्हणून तेवढ्यावर थांबू नये.

कोणताही ब्रश घेताना दाते मऊ असावेत. कडक दात्यांनी हिरडी सोलवटते आणि एकदा दुखले की कुत्रा पुन्हा तोंड उघडत नाही. घरात दोन कुत्रे असतील तर दोन ब्रश हवेत. वापरानंतर ब्रश धुऊन कोरडा ठेवावा आणि दाते पसरू लागले की, साधारण तीन महिन्यांनी, बदलावा.

ब्रश करायचा कसा?

कुत्र्याचे तोंड उघडण्याची गरज नसते, हे अनेकांना माहीत नसते. तोंड मिटलेलेच ठेवून ओठ वर उचलायचा आणि दातांची बाहेरची बाजू घासायची. आतल्या बाजूवर जीभ फिरत असते, तिथे किटण तुलनेने कमी धरते. ब्रश हिरडीच्या रेषेशी साधारण ४५ अंशांत धरून छोट्या गोलाकार हालचाली कराव्यात. सर्वांत जास्त लक्ष वरच्या मागच्या मोठ्या दाढेकडे आणि सुळ्यांकडे द्यावे. लाळेच्या एका मोठ्या ग्रंथीची नलिका या दाढेजवळच उघडते. तिथे क्षारांचा पुरवठा सतत असतो आणि किटण सर्वांत आधी धरते. दोन्ही बाजू मिळून एक-दोन मिनिटे पुरतात.

पहिल्याच दिवशी ब्रश तोंडात घालणे ही सर्वांत सामान्य चूक. पहिले काही दिवस फक्त बोटावरची पेस्ट चाटू द्यावी. मग ओठ उचलून सोडून द्यावा आणि कौतुक करावे. त्यानंतर बोटाने दात चोळावेत. मग ब्रशवरची पेस्ट चाटू द्यावी, आधी फक्त सुळे घासावेत आणि हळूहळू मागे सरकावे. यात दोन ते चार आठवडे गेले तरी हरकत नाही. कुत्रा कंटाळण्याआधी थांबणे, रोज एकाच वेळी करणे आणि शेवटी त्याच्या आवडीची गोष्ट देणे, मग ती रात्रीची फेरी का असेना, यावर सवय टिकते. दोघांनी धरून, दाबून घासलेले दात एखादे वेळी स्वच्छ होतील, पण दुसऱ्या दिवशी कुत्रा हाती लागणार नाही. गुरगुरत असेल तर तिथेच थांबावे. आजवर तोंडाला हात लावू देणाऱ्या कुत्र्याचे अचानक गुरगुरणे हे दुखण्याचे लक्षण असू शकते.

पिल्लाच्या तोंडाला हात लावण्याची सवय ते घरी आल्यापासून लावावी. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात पडत-येत असताना हिरड्या हुळहुळ्या असतात, तेव्हा ब्रश हलक्या हाताने किंवा थोडे दिवस नुसते बोट फिरवावे.

मीठ, सोडा, लवंग, मशेरी चालते का?

नाही. खायच्या सोड्याची चव कुत्र्याला आवडत नाही आणि रोज पोटात जाणारे सोडियम हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारी कुत्र्याला बाधते. मिठाचेही तेच. लवंगेच्या तेलाने माणसाची दाढदुखी थांबते म्हणून ते कुत्र्याच्या हिरडीला लावले जाते. हे तीव्र तेल हिरडी पोळवते आणि चाटून पोटात जाते. महाराष्ट्रात अनेक घरांत आजही मशेरी लावली जाते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातील निकोटिन कुत्र्यासाठी विष आहे. ती त्याच्या दातांना लावणे दूरच, मशेरीची डबीही त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवावी. खोबरेल तेल बोटभर लावल्याने सहसा अपाय होत नाही, मात्र त्याने किटण निघते या दाव्याला आधार नाही.

हाडे आणि चघळायच्या कांड्यांनी दात साफ होत नाहीत का?

काही प्रमाणात होतात, पण वस्तूवर अवलंबून आहे. मटणाची हाडे, हरणाचे शिंग, गुरांचे खूर हे पदार्थ दातापेक्षा कडक ठरतात. ते चावताना नेमकी वरची मोठी दाढ फुटते आणि आतली नस उघडी पडते. चघळायची वस्तू नखाने दाबल्यावर थोडी खचली पाहिजे, ही साधी कसोटी. कोरड्या खाद्याने दात आपोआप साफ होतात, हाही समजच. साधे दाणे दाताच्या टोकाला लागताच फुटतात, हिरडीच्या कडेपर्यंत पोहोचत नाहीत. दातांसाठी खास बनवलेले मोठे, तंतुमय दाणे वेगळे असतात.

अमेरिकेत १९९७ मध्ये स्थापन झालेली व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिल ही संस्था अशा उत्पादनांना स्वीकृतीचे चिन्ह देते. संस्था स्वतः चाचण्या करत नाही. ठरवून दिलेल्या पद्धतीने केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष कंपनीने सादर करायचे, त्यात प्लाक किंवा किटण ठोस प्रमाणात घटल्याचे दिसले तर चिन्ह मिळते. पेस्ट, च्यू किंवा पाण्यात घालायचे द्रव घेताना हे चिन्ह पाहणे हा चांगला निकष आहे. चिन्ह नाही म्हणजे उत्पादन वाईटच असे नव्हे, त्याचा पुरावा त्या कसोटीवर आलेला नाही एवढाच अर्थ. समुद्री शेवाळाची पूडही बाजारात मिळते. तिच्यात आयोडीन असल्याने थायरॉइडचा विकार असलेल्या कुत्र्याला ती डॉक्टरांना विचारूनच द्यावी. ही सर्व साधने ब्रशला जोड आहेत, ब्रशला पर्याय नाहीत.

भूल न देता दात साफ करणे योग्य आहे का?

काही ग्रूमिंग सेवांमध्ये भूल न देता किटण खरवडून दिले जाते. दात पांढरे दिसतात आणि घरच्यांचे समाधान होते. पण खरा आजार हिरडीच्या खाली असतो, तिथे जाग्या कुत्र्यावर पोहोचता येत नाही. हत्यार निसटून इजा होण्याचा धोका असतो आणि खरवडलेला पृष्ठभाग खडबडीत राहिला तर किटण पुन्हा लवकर धरते. अमेरिकन व्हेटर्नरी डेंटल कॉलेज तसेच वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशन या दोन्ही संस्थांनी या प्रकाराला विरोध केला आहे. रीतसर उपचारात रक्ततपासणी, भूल, हिरडीखालील सफाई, क्ष-किरण तपासणी आणि शेवटी पॉलिश हे टप्पे असतात. भुलीची भीती स्वाभाविक आहे आणि खर्चही काही हजारांत जातो. दोन्ही टाळण्याचा किंवा निदान लांबवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रोजचा ब्रश.

ब्रश कधी करू नये?

हिरड्या लाल-सुजलेल्या असतील, स्पर्श होताच रक्त येत असेल, दात हलत असेल, दाढांवर पिवळा-तपकिरी थर जमला असेल किंवा तोंडाला असह्य वास येत असेल तर आधी पशुवैद्यक, मग ब्रश. अशा तोंडात ब्रश फिरवणे वेदनादायक असते, त्याने किटण निघत नाही आणि कुत्र्याच्या मनात ब्रशची कायमची धास्ती बसते. वर्षातून एकदा, लसीकरणासाठी दवाखान्यात जाणे होते तेव्हाच, दातांची तपासणी करून घेणे सोयीचे. लहान चणीच्या कुत्र्यांची तपासणी सहा महिन्यांनी करावी.

खरेदीची यादी त्यामुळे छोटी आहे : कुत्र्याच्या तोंडाला साजेसा मऊ ब्रश आणि गिळली तरी चालेल अशी, घटक स्पष्ट लिहिलेली श्वानांची पेस्ट. तोवर आज रात्री करता येण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. कुत्र्याचा ओठ उचलून वरच्या मागच्या दाढेचा रंग आणि तिथल्या हिरडीची कड पाहणे आणि बेसिनवरची आपली टूथपेस्ट कपाटात ठेवणे.